अणू शोधणारी माणसं कशी गेली

ह्यांच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचे. अणूचा धडा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मी तो तसाच शिकवायचे. फळ्यावर आधी एक भरीव गोळा. मग त्या गोळ्यात पेरलेले इलेक्ट्रॉन. त्याला मी तिळाचा लाडू म्हणायचे, पोरांना ते लक्षात राहायचं. मग मधे केंद्रक, भोवती पोकळी. मग कक्षा. चार शास्त्रज्ञ, चार आकृत्या. परीक्षेत कोणी कक्षा काढायला विसरलं की अर्धा गुण कापायचे. माणसं म्हणून मी त्या चौघांचा कधी विचार केला नव्हता.

ह्यांना विज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं. कल्याणच्या एका कंपनीत खरेदी खात्यात नोकरी केली, तीही मन लावून नाही. त्यांचं खरं आयुष्य माइकवर गेलं. टेंभी नाक्याच्या नवरात्रात किती वर्षं हे स्टेजच्या बाजूला उभे राहून सूचना द्यायचे. चपला रांगेत काढा, लहान मुलांचा हात सोडू नका, अमुक रंगाचा फ्रॉक घातलेली मुलगी इथे उभी आहे, तिच्या आईने यावं. भारदस्त, गोड आवाज. नौपाड्यात भाजी घेताना ह्यांनी भाव विचारला की बाजूची माणसं वळून बघायची.

ऑपरेशनमध्ये तो आवाज गेला. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. डॉक्टरांनी तशी आधी कल्पना दिली होती, पण कल्पना देणं वेगळं आणि शुद्धीवर आल्यावर ह्यांनी तोंड उघडणं वेगळं. फुटक्या बासरीत फुंकर मारावी तसं काहीतरी बाहेर आलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "बोलू नका आत्ता." त्यांनी मान हलवली.

गाठ काढली होती, पण फुप्फुसात बारीक ठिपके दिसत होते. डॉक्टर म्हणाले, रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन देऊ. थायरॉइडच्या पेशी शरीरात कुठेही दडल्या असल्या तरी आयोडीन ओढून घेतात. हे ओढलं की आतल्या आत जळतील. "मॅडम सायन्सच्या टीचर आहेत, त्यांना जास्त सांगायला नको," असं हसून म्हणाले. मीही हसले.

परत येताना टॅक्सीत ह्यांनी कुजबुजत विचारलं, "नक्की काय देणार आहेत?"

"आयोडीन."

"मिठात असतं ते?"

"तेच. पण ह्याचा अणू स्थिर नसतो. आपोआप मोडतो."

"अणू मोडत नाही असं तू पोरांना सांगायचीस ना? घरी पेपर तपासताना ऐकलंय मी."

"ते पहिल्या पानावर. पुढच्या पानांवर मोडतो."

ह्यांचे खांदे हलले. हसण्याचा आवाज आता येत नव्हता.

औषध देण्याआधी काही आठवडे थायरॉइडची गोळी बंद करावी लागते, म्हणजे पेशी आयोडीनसाठी वखवखतात. पण त्या दिवसांत माणूसही मंदावतो. ह्यांचा चेहरा सुजला, पंखा लावला की थंडी वाजायची, दोन पावलं टाकली की थकायचे. त्यात पथ्य. मासळी नाही, दूध नाही, अंडं नाही, नेहमीचं मीठ नाही. आम्ही मूळचे कोकणातले; मासळीशिवाय ह्यांचा आठवडा कधी गेला नव्हता. भात पुढ्यात घेऊन बसायचे आणि जेवण झाल्यासारखे उठायचे.

आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला असते. तिला तेव्हा पाचवा महिना होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध घेतल्यावर काही आठवडे गरोदर बाईने जवळपास फिरकायचंही नाही. म्हणून ती आदल्या रविवारी येऊन गेली. बापलेक सोफ्यावर टीव्ही बघत बसले. निघताना ती म्हणाली, "बाबा, महिनाभराचाच प्रश्न आहे." ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात उपचार चालू होते, तिथे हे औषध देण्याचा विभाग तळघरात होता. शिशाच्या जाड भांड्यातून एक लहानशी बाटली बाहेर निघाली. काम करणाऱ्या माणसाने ती लांब चिमट्याने धरली होती. मला काचेच्या पलीकडे उभं केलं होतं. बाटलीतलं औषध अगदी पाण्यासारखं होतं. ह्यांनी ते स्ट्रॉने ओढलं आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला. तो माणूस चिमटा ठेवून झपाझप बाहेर निघून गेला. ठाण्याच्या खाडीच्या दुसऱ्या टोकाला, ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत असली औषधं बनतात हे मी वर्गात सांगितलेलं होतं. ते पिणारा माणूस पाहिला तो त्या दिवशी.

दोन दिवसांनी, अंगातून येणारे किरण यंत्राने मोजून, त्यांना घरी सोडलं. घरी मागची खोली त्यांच्यासाठी तयार केली होती. वेगळं ताट, वेगळी चादर, संडासात दोनदा पाणी. दारासमोर स्टूल ठेवून मी त्यावर जेवण ठेवायचे आणि हॉलमध्ये यायचे, मग ते दार उघडायचे. लाळेच्या ग्रंथी खराब होऊ नयेत म्हणून लिंबाच्या गोळ्या सतत चघळायला सांगितल्या होत्या. त्या गोळीचा दातांवर होणारा टकटक आवाज दारातून ऐकू यायचा. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र दारापलीकडे पोचत नव्हता, म्हणून आम्ही एकाच घरात मोबाइलवर बोलायचो.

पहिल्याच दुपारी फोन वाजला.

"काय बाई, आज तास नाही?"

"कसला तास?"

"मला हे काय पाजलंय ते पहिल्यापासून सांग. वाचायला डोळे उघडत नाहीत. नुसतं छताकडे किती बघू?"

मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिले आणि सुरुवात केली. आपल्याकडे एक ऋषी होते, शेतात सांडलेले दाणे वेचून खायचे म्हणतात. दाण्याचे तुकडे करत गेलं तर शेवटी असा कण उरेल की ज्याचे आणखी तुकडे होणार नाहीत, असं त्यांनी मांडलं. तिकडे ग्रीसमध्येही एकाने जवळपास तेच सांगितलं.

"मग?"

"मग दोन हजार वर्षं विशेष काही नाही. वाद घातले. वजन करून, मोजून कोणी बघितलं नाही."

"बरं. आणि हे दोघे गेले कसे?"

"कोण?"

"ऋषी आणि तो ग्रीक. मेले कशाने?"

मला हसू आलं. "इतक्या जुन्या माणसांचं कोणाला ठाऊक असणार?"

दुसऱ्या दिवशी मी इंग्लंडातल्या शाळामास्तरांवर आले. त्यांनी वायूंची वजनं केली, कशाशी काय किती प्रमाणात जुळतं ते मांडलं, आणि प्रत्येक मूलद्रव्याचा अणू वेगळा, असं ठामपणे सांगितलं. मी वर्गात दहा मिनिटं घेत असे, तेवढीच घेतली. संपल्यावर ह्यांनी पुन्हा विचारलं, "आणि हे गेले कसे?"

मला सांगता येईना. त्या माणसाचा गोळा मी जन्मभर फळ्यावर काढला होता, पण तो कसा मेला ते ठाऊक नव्हतं. वर्गात कोणी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, उद्या सांगते. संध्याकाळी मोबाइलवर शोधत बसले.

"अर्धांगाचा झटका आला त्यांना," मी दुसऱ्या दुपारी सांगितलं. "रोजच्या हवामानाची नोंद ठेवायचे. मरायच्या आदल्या दिवशीही थरथरत्या हाताने लिहिली. आणि त्यांना रंग नीट ओळखू येत नसत. त्यांना वाटायचं, आपल्या डोळ्यांतलं पाणीच निळं असणार. म्हणून सांगून ठेवलं होतं, मेल्यावर डोळे उघडून बघा."

"बघितले?"

"बघितले. पाणी स्वच्छ होतं. निळं वगैरे काही नव्हतं."

गोळीची टकटक थांबली. मग म्हणाले, "म्हणजे जन्मभर चुकीचं धरून बसले होते."

"डोळ्यांचं, हो."

"आणि अणूचं?"

"थोडंसं. मोडत नाही म्हणाले होते."

"बिचारे," हे म्हणाले.

त्यानंतर आमचे तास तसेच चालले. सकाळी मी शोधायचे, दुपारी सांगायचे. शोध कोणता हे ते ऐकून घ्यायचे, पण वाट बघायचे ती शेवटाची. मला ते आवडत नव्हतं. विषय बदलून बघितला, मुलीच्या डोहाळजेवणाचं काढलं. "ते नंतर. आधी धडा पुरा कर," म्हणायचे.

एके दिवशी मी व्हिएन्नाच्या प्राध्यापकांपाशी अडखळले. अणू खरोखर आहेत असं ते आयुष्यभर सांगत राहिले, आणि मोठेमोठे विद्वान त्यांना विचारायचे, तुम्ही एक तरी पाहिलाय का? नुसतं तेवढं सांगून मी पुढच्या माणसाकडे वळले.

"थांब. ह्यांचं राहिलं."

"म्हातारे होऊन गेले."

"लपवू नकोस. माझा आवाज गेलाय, कान नाही. तुझ्या बोलण्यावरून कळतं मला."

मग सांगितलं. सुट्टीसाठी समुद्रकाठच्या गावी गेले होते. बायको आणि मुलगी पोहायला गेल्या तेव्हा त्यांनी खोलीत गळफास घेतला. थोड्याच वर्षांत अणू आहेत हे सगळ्यांनी मान्य केलं.

"मुलगीच आली का बघायला?"

"हो. तसं म्हणतात."

फोन बंद झाला. त्या रात्रीचं ताट स्टुलावर तसंच राहिलं. मी दारापाशी जाऊन हाक मारली, उत्तर आलं नाही. दार उघडायची मुभा नव्हती, तरी कडीवर हात ठेवला. तेवढ्यात आतून लिंबाच्या गोळीची टकटक ऐकू आली, मग मी मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. "पुढे?"

पुढे सोन्याचा पत्रा होता. हा प्रयोग मला सांगायला आवडायचा. मिठाईवरच्या वर्खाहूनही पातळ सोन्यावर एकाने किरणांचा मारा केला. जवळपास सगळे कण आरपार गेले, आणि एखादाच धाडकन उलटा फिरला. म्हणजे अणू बहुतेक रिकामा, आणि मधे काहीतरी अतिशय छोटं आणि घट्ट.

"आणि ते?"

"साधा हर्निया. अंगावर काढला. आतडं पिळलं, ऑपरेशनला उशीर झाला."

ह्यांना हसू फुटलं, मग खोकला. "अणूचं पोट उघडलं आणि स्वतःच्या पोटाने गेले. बघ, कोणाला चुकलंय?" त्या दिवशी ते पोटभर जेवले.

शेवटचा तास मी घ्यायला नको होता की घ्यायला हवा होता, हे मला आजही ठरवता येत नाही. विषय तिथेच जात होता. टनावारी खनिज उकळून चिमूटभर रेडियम काढणाऱ्या बाईंबद्दल मी सांगितलं. त्या कशाने गेल्या ते ह्यांनी ओळखलंच. मग सांगितलं की ह्या बाईंची मुलगी आणि जावई, दोघांनी मिळून साध्या अणूचा किरण सोडणारा अणू करून दाखवला. "तुम्हाला दिलेलं औषध त्याच वाटेने आलं. ते दोघे नसते तर ही बाटली नसती."

"मुलगी कशाने गेली?"

"रक्ताच्या कॅन्सरने."

"आईच्या कामाने?"

"ती स्वतःही वर्षानुवर्षं त्याच कामात होती. त्यांना तेव्हा धोका कळला नव्हता. उघड्या हातांनी हाताळायचे. आपलं तसं नाही. आठ दिवसांत ह्यातलं अर्धं उरतं, पुढच्या आठांत त्याच्या अर्धं, आणि बरंचसं लघवीवाटे आधीच जातं."

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. मी हॉलमध्ये होते, मला ऐकू आलं नाही. मला तिचाच फोन आला, रडवेला. "आई, बाबा म्हणतायत बाळंतपण होईपर्यंत येऊच नकोस. माझ्या सासूबाईही तेच म्हणत होत्या, त्यांना आता आयतं निमित्त मिळालं."

मी ह्यांना समजावलं. फोनवर समजावलं, आणि मुदत संपून ते खोलीबाहेर आल्यावर समोर बसून समजावलं. डॉक्टरांकडून वदवून घेतलं, आता मुलीला भेटायला हरकत नाही. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझं बरोबर असेल. पण मला नको." तिच्या सासूबाईंना मी आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात हो, पण पोर आमच्या घरात यायचंय."

खोलीतली मुदत संपायच्या सुमारास स्कॅन झाला होता. पूर्ण शरीराचा फोटो. जिथे औषध गोळा झालं असेल तिथे काळे डाग दिसतात. ह्यांच्या फोटोत लाळग्रंथी, पोट आणि मूत्राशय एवढेच दिसत होते. छाती कोरी. मला वाटलं, सुटलो. मी तिथूनच मुलीला फोन केला, "काही नाही गं, छाती स्वच्छ आहे." ती आनंदाने ओरडलीच.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. शेजारी दुसरा, सीटीचा फोटो लावला. त्यात ठिपके होते, पहिल्यापेक्षा मोठे.

"ठिपके आहेत," ते म्हणाले, "पण त्यांनी आयोडीन घेतलंच नाही. काही गाठींच्या पेशी इतक्या बदललेल्या असतात की आयोडीन ओढायचं विसरतात."

मी विचारलं, "म्हणजे औषध..."

"लागलं नाही. आलं तसं गेलं."

रिक्षात ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले ते मराठीत सांग." मी रस्त्याकडे बघत सांगितलं. ते म्हणाले, "एवढं पथ्य केलं, बोंबलाचा तुकडा नाही खाल्ला." गेट आल्यावर मला मुलीला पुन्हा फोन करायचा होता, आणि सकाळचं सगळं परत घ्यायचं होतं. ते काम मी जिन्यात उभी राहून केलं.

नंतर कॅन्सरवरच्या दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी तळहातांची सालं निघाली, तोंड आलं, रक्तदाब वाढला. दोनदा थांबवून पुन्हा दिल्या, मग डॉक्टरांनीच बंद केल्या. नवरात्रात मंडळाची माणसं रिक्षा घेऊन आली होती, नुसतं येऊन बसा म्हणाली. हे गेले नाहीत. दिवाळीनंतर घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याच्या घरघरीत त्यांचं बोलणं अजिबात ऐकू येईना. मी तोंडाशी कान न्यायचे.

डिसेंबरात डोंबिवलीच्या एका प्रसूतिगृहात मुलीला मुलगा झाला. मी जाऊन आले, फोटो दाखवला. हे फोटो मोठा करून बघत राहिले. "बोटं सगळी आहेत ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळी आहेत." "नीट मोजलीस?" तेव्हा मला कळलं, इतके महिने ह्यांच्या मनात काय होतं. मी म्हटलं, "मोजली." मोजली नव्हती. मोजायची गरजच नव्हती, पण ते सांगून काय उपयोग होता?

बाळंतपणाला सव्वा महिना झाल्यावर मुलगी बाळाला घेऊन आली. पाच महिन्यांनी ती बापाला बघत होती. मी फोनवर सांगत असे, पण हाडं सांगता येत नाहीत. दारातच तिचा चेहरा बदलला, मग तिने तो सावरला. बाळ तिने त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि खालून स्वतःचा हात लावून धरलं, कारण त्यांना वजन पेलत नव्हतं. त्यांनी दुपट्यातून बाळाचा हात बाहेर काढला, मग दुसरा, मग पाय. तिला वाटलं, खेळवतायत.

फेब्रुवारीत ते गेले. ठाण्यातल्या हॉस्पिटलात, सकाळी, नर्सची पाळी बदलताना. मी चहा आणायला खाली गेले होते. वर आले तेव्हा पडदा ओढलेला होता.

दिवसकार्यापर्यंत माणसं येत राहिली. माझ्याबरोबर विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आल्या. निघताना माझे हात धरून म्हणाल्या, "आपण तर जाणतोच ना, काहीच नष्ट होत नाही. एकेक अणू इथेच राहतो." त्या मनापासून म्हणाल्या, मीही मान हलवली. पण अणूंचं मला काय करायचं होतं? अणू कोणाचेही असतात. मला ह्यांच्या दातांवरची ती टकटक सुद्धा चालली असती.

सगळे पांगल्यावर मुलगी चार दिवस राहिली. एका दुपारी बाळाला पाजता पाजता तिने विचारलं, "बाबांनी मला येऊ का दिलं नाही, आई? डॉक्टर तर हो म्हणाले होते."

मी तिला सांगितलं. फोनवरचे तास, त्या बाईंची मुलगी, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तिला केलेला फोन. आतापर्यंत सांगितलं नव्हतं.

मग म्हणाली, "तू त्यांना पटवलं का नाहीस? पोरांना शिकवायचीस ना तू?"

"सगळं सांगितलं गं. किती दिवसांत किती उरतं, सगळं."

"मग?"

"त्यांना कळलं होतं. कळून काय? तू त्यांची मुलगी होतीस."

तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "मी एकदा स्टेशनपर्यंत आले होते, आई. नोव्हेंबरात. ठाण्याला उतरले, पुलावरून खाली आले. मग त्यांनी नको म्हटलंय, रागावतील, म्हणून परत गेले."

मला ते माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ गेले आणि बाळाला तिच्या खांद्यावरून माझ्याकडे घेतलं.